जायबंदी बाष्पकाचा निवाडा

ज्या पात्रात वाफ कोंडलेली असते त्याच्या पत्र्यास तडा गेला, गंजाने तो झिजला, किंवा भट्टीच्या झळीने फुगवटा धरून बाहेर आला, तर ते पात्र पुढे चालू द्यावे की विझवून ठेवावे, हा प्रश्न वाफेच्या यंत्राइतकाच जुना आहे. आणि अशा नव्या बाष्पकाची, म्हणजे बॉयलरची, आखणी करणाऱ्यांचे गुणगान यंत्रविद्येच्या इतिहासात जितके झाले, तितके जुन्या, जायबंदी बाष्पकाविषयी हा निवाडा देणाऱ्यांचे झाले नाही. नव्या बाष्पकाचे गणित मेजावर, कागदावर, निवांतपणे सोडवता येते. जायबंदी बाष्पकाचा निवाडा मात्र भट्टी विझलेली असताना, शेकडो माणसांचे काम खोळंबलेले असताना आणि मालक दर घटकेस माणूस पाठवून विचारणा करीत असताना द्यावा लागतो. ‘चालवा’ किंवा ‘बंद करा’ ही दोन उत्तरे कोणालाही सुचतात. ‘चालवा, पण इतक्याच दाबाने आणि इतक्याच मुदतीपर्यंत’ हे तिसरे उत्तर मात्र ज्ञान आणि अधिकार या दोहोंवाचून देता येत नाही, आणि माझ्या मते या विद्येचा गेल्या दीड-दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे या तिसऱ्या उत्तराला अंकांचा आधार आणि कायद्याचे पाठबळ मिळवून देण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

बाष्पक फुटणे म्हणजे नुसता पत्रा फाटणे नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर तापूनही पाणीच राहते; पण पात्राला वाट फुटली की दाब एकाएकी उतरतो, त्या पाण्याचा एक भाग क्षणार्धात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ होताना वातावरणाच्या दाबाला तिचे आकारमान मूळच्या सुमारे १६०० पट होते. म्हणूनच जुन्या स्फोटांत टनावारी वजनाची बाष्पके भिंती फोडून शेजारच्या गल्लीत जाऊन पडलेली आढळत. १८०३ साली ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकचे उच्च दाबाचे बाष्पक फुटून माणसे दगावली, तेव्हा उच्च दाबाच्या वाफेला आधीपासून विरोध करणाऱ्या जेम्स वॉटच्या पक्षाला आयतेच कोलीत मिळाले. ट्रेव्हिथिकने मात्र त्यावर रडगाणे न गाता आपल्या पुढच्या बाष्पकांना दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिशाची एक गुडदी बसवली. पाणी कमी होऊन पत्रा उघडा पडला की ती गुडदी वितळावी आणि वाफेने आगीचा जोर मोडावा, अशी ही योजना होती.

पुढील पन्नास वर्षे इंग्लंडात स्फोटांची मालिका चालू राहिली आणि तिच्याबरोबर त्यांच्या कारणांविषयीच्या विलक्षण कल्पनांचीही. कोणी म्हणे पाण्यापासून ज्वालाग्राही वायू निर्माण होऊन तो पेटतो, कोणी विजेला दोष देई, आणि मृत्यूची चौकशी करणारे पंच तर ‘अपघाती मरण’ एवढा शेरा मारून दप्तर बंद करीत. गूढाचा हा पडदा ज्यांनी फाडला त्यांत विल्यम फेअरबेर्न याचे नाव अग्रगण्य आहे. हा मूळचा स्कॉटलंडचा, मॅंचेस्टरला येऊन नावारूपास आलेला कारखानदार-यंत्रज्ञ. त्याने पत्रे आणि सांधे प्रत्यक्ष ताणून, फाडून मोजले, आणि अखंड पत्र्याचे बळ १०० धरल्यास रिव्हेटच्या दुहेरी ओळीने जोडलेल्या सांध्याचे बळ ७० आणि एकेरी ओळीच्या सांध्याचे अवघे ५६ भरते, हे प्रमाण घालून दिले. हे तीन आकडे दिसायला साधे आहेत. पण त्यांच्यामुळे बाष्पकाचा प्रश्न नशिबाच्या हातून निघून मोजमापाच्या कक्षेत आला. १८५४ साली त्याच्याच पुढाकाराने मॅंचेस्टर येथे बाष्पकांचे स्फोट टाळण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. सभासद-गिरण्यांची बाष्पके ठरावीक काळाने आपल्या निरीक्षकांकडून तपासून घेणे हा तिचा मुख्य उद्योग. तिचे मुख्य अभियंता लॅव्हिंग्टन फ्लेचर यांनी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगितली: बाष्पक फुटते ते दुबळे असते म्हणून फुटते, आणि त्याचा दुबळेपणा डोळसपणे पाहणाऱ्याला बहुधा आधी दिसू शकतो. आज हे विधान कोणालाही सहज मान्य होईल. त्या काळी ते प्रतिपादन करायला धैर्य लागे, कारण स्फोट जर ईश्वरी कोप नसेल तर त्याची जबाबदारी कोणा मनुष्यावर येऊन पडते.

हा सारा खटाटोप चालू असतानाच अटलांटिकच्या पलीकडे जी घटना घडली, तिच्याइतका या विषयाचा मर्मभेदी धडा दुसरा सापडत नाही. ‘सुलताना’ ही मिसिसिपी नदीवरची लाकडी आगबोट १८६३ साली सिनसिनाटीस बांधलेली. एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले असता, ती व्हिक्सबर्ग बंदरास लागली तेव्हा तिच्या चार बाष्पकांपैकी एकाच्या पत्र्याला फुगवटा येऊन सांध्यातून गळती सुरू झाली होती. बंदरातील कारागिराने बाष्पक पाहून स्पष्ट सांगितले की बिघडलेले पत्रे कापून काढून नवे घातल्याशिवाय हे काम नीट होणार नाही. पण त्या कामाला काही दिवस लागले असते. आणि बंदरावर दक्षिणेच्या बंदिशाळांतून सुटलेले, आजाराने व उपासमारीने खंगलेले हजारो शिपाई घरी जाण्यासाठी ताटकळत होते, त्यांच्या वाहतुकीबद्दल सरकार दर शिपायामागे पाच डॉलर देत होते, आणि दुसऱ्या आगबोटीही तेथे टपून बसल्या होत्या. कप्तानाने रदबदली केली. कारागीर अखेर नमला आणि त्याने फुगलेल्या जागी सुमारे सव्वीस इंच लांब व अकरा इंच रुंद असे एक ठिगळ रिव्हेटांनी मारून दिले.

त्या ठिगळाची जाडी पाव इंच होती. मूळ पत्रा त्याहून जाड, म्हणजे एक-तृतीयांश इंचाच्या किंचित वर होता. त्याच महिन्यात सेंट लुई येथील सरकारी निरीक्षकांनी या बाष्पकांना चौरस इंचास १४५ पौंडांचा दाब मंजूर केला होता, आणि तो मूळ पत्र्याच्या जाडीवर मंजूर केला होता. पाव इंची पत्र्यास त्याच नियमांनी सुमारे १०० पौंडांहून अधिक दाब देता आला नसता. म्हणजे तिसरे उत्तर त्या दिवशी कायद्याच्या पुस्तकात तयार होते. ते व्हिक्सबर्गच्या धक्क्यावर कोणी उच्चारले नाही. ३७६ उतारूंचा परवाना असलेल्या त्या बोटीत दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली, आणि २७ एप्रिलच्या पहाटे दोनच्या सुमारास, मेंफिसच्या वर काही मैलांवर, पुराने फुगलेल्या नदीच्या मध्यभागी तिची बाष्पके फुटली. मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. पण अगदी सावध अंदाजही अकराशेच्या खाली येत नाही. कप्तान मेसनही त्यातच गेला. लिंकनच्या मारेकऱ्याचा शेवट आदल्याच दिवशी झालेला असल्यामुळे वर्तमानपत्रांना या बातमीसाठी जागा उरली नाही, ही या दुर्घटनेच्या वाट्याला आलेली आणखी एक उपेक्षा.

स्फोट त्या ठिगळामुळेच झाला की पाणी उतरल्यामुळे, की वरच्या मजल्यांवरील गर्दीमुळे बोट एका अंगास कलत राहिल्यामुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. गढूळ पाण्याच्या नदीत त्या जातीची नळ्यांची बाष्पके वापरणेच धोक्याचे होते असेही पुढे ठरले. परंतु माझ्या दृष्टीने प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. कारागिराचे पहिले मत बरोबर होते, आणि ते मत टिकवून धरण्यासाठी आवश्यक असलेला कोणताही अधिकार त्याच्यापाशी नव्हता. तो कप्तानाचा नोकर नसला तरी मजुरी त्याच्याकडूनच घेणार होता; ‘हे बाष्पक या दाबाने चालवू देणार नाही’ असा हुकूम काढणारा सरकारी मनुष्य धक्क्यावर हजर नव्हता. ज्ञान होते, दंड नव्हता.

तो दंड आपल्याकडे कसा निर्माण झाला, हे पाहण्यासारखे आहे. १८६३ साली कलकत्त्यात एक भीषण स्फोट होऊन माणसे बळी पडली आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने कलकत्ता शहर व उपनगरांपुरता बाष्पक-तपासणीचा कायदा केला. त्यामागोमाग मुंबई इलाख्यासह इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. आणि प्रत्येकाने आपल्या मर्जीप्रमाणे नियम ठरवल्यामुळे अशी स्थिती आली की एका इलाख्यात जे बाष्पक एका दाबाला योग्य ठरे, तेच हद्द ओलांडताच दुसऱ्या दाबाला पात्र समजले जाई. मुंबईच्या गिरण्यांत कोंडलेली वाफ बहुतांशी लॅंकेशायर बाष्पकांची, म्हणजे १८४४ साली फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी मक्ता घेतलेल्या जातीची. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली तेव्हापासून मॅंचेस्टरच्या परिसरातील यंत्रे आपल्याकडे येत राहिली. तपासणीची शिस्त मात्र यंत्रांबरोबर त्याच गलबतातून आली नाही, तिला मागून, कायद्याच्या रूपाने, यावे लागले. प्रांतोप्रांतीचा हा गोंधळ मोडण्यासाठी १९२० साली हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली, तिने दुसऱ्याच वर्षी अहवाल दिला, आणि १९२३ चा भारतीय बाष्पक कायदा होऊन तो १ जानेवारी १९२४ पासून अंमलात आला.

हा कायदा मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा त्याच्या कर्त्यांची व्यवहारदृष्टी मला जाणवते. दाखल्यावाचून बाष्पक चालवणे हा गुन्हा. दाखल्याची मुदत साधारणतः बारा महिन्यांहून अधिक नाही. बाष्पक एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेले तर तशी वर्दी दिल्यावाचून ते पेटवता यायचे नाही. मुख्य निरीक्षकाच्या लेखी मंजुरीवाचून त्यात दुरुस्ती वा फेरफार करायचा नाही, म्हणजे व्हिक्सबर्गचे ठिगळ येथे आधी कागदावर मारावे लागले असते. अपघात झाल्यास चोवीस तासांत निरीक्षकास कळवायचे. आणि निरीक्षकास दाखला नाकारावासा वा दाब उतरवावासा वाटला, तर त्याने तपासणीपासून अठ्ठेचाळीस तासांत मालकाला दोष आणि आपली कारणे लेखी कळवावीत, आणि मालकाला त्यावर अपील करता यावे. निरीक्षकाच्या हाती दंड देताना त्याच्या तोंडी कारण देण्याची सक्तीही कायद्याने घातली. कारणांवाचून दिलेला नकार हा अधिकाराचा माज ठरतो आणि कारणांवाचून दिलेली परवानगी हा गुन्हा, हे ओळखून केलेली ही तजवीज आहे.

त्या काळच्या तपासणीचे स्वरूप मात्र फारसे शास्त्रीय नव्हते, आणि तरीही ते हेटाळण्याजोगे नव्हते. बाष्पक तीन-चार दिवस थंड होऊ द्यायचे, पाणी सोडून द्यायचे, मॅनहोलचे झाकण काढायचे, आणि मग निरीक्षकाने अंग आखडून आत शिरायचे. आत अंधार, उरलेली ऊब, पायाखाली क्षाराची खपली. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. पत्र्यावर हातोडीची टिचकी मारली की निरोगी पत्रा खणखणीत बोले. झिजलेला किंवा आतून पापुद्रे सुटलेला पत्रा बद्द आवाज देई. सैल रिव्हेटवर टेकलेल्या बोटाला तिचा हादरा जाणवे. अग्निनलिकेच्या कडेच्या वळणात, जेथे तापण्या-निवण्याच्या ताणाने बारीक खाचा पडत, तेथे तो नखाने चाचपून पाही आणि संशयाच्या जागी खडूची खूण करी. लॅंकेशायर बाष्पक विटांच्या बैठकीत अर्धेअधिक बुडालेले असे, आणि त्या विटांत ओल धरली तर बाहेरून लागलेला गंज वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नसे. म्हणून जाणता निरीक्षक दोन-चार ठिकाणी विटा काढून दाखवा म्हणून हटून बसे, आणि कारखानदाराच्या कपाळावर आठ्या पडत. शेवटी पाण्याच्या दाबाची कसोटी घेतली जाई. पाणी दाबले जात नाही, म्हणून पात्र फुटले तरी ते फाटते, उडत नाही.

आपल्या साखर कारखान्यांत हा क्रम आजही ऋतुचक्रासारखा चालतो. गळीत हंगाम संपला की बाष्पके उघडी होतात, नळ्या साफ होतात, तपासणी उरकते, आणि दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. अध्यक्ष सपत्नीक पूजा करतात, नारळ फुटतो, पहिली आग पडते. त्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत निरीक्षकाचे नाव फार वेळा नसते.

हातोडीच्या नादात जे ऐकू येत नव्हते ते जगाच्या ध्यानी आले ते १९०५ च्या २० मार्च रोजी, मॅसॅच्युसेट्सच्या ब्रॉक्टन गावी. ग्रोव्हरच्या बुटांच्या कारखान्यात नवे बाष्पक दुरुस्तीस असल्यामुळे जुने कामास घेतले होते. ते सकाळी फुटून छपरातून वर गेले, इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसे मेली. तडा होता तो पत्र्यावर पत्रा चढवून केलेल्या सांध्याच्या आतल्या, झाकलेल्या बाजूस. अशा सांध्यामुळे बाष्पकाचा घेर खऱ्या अर्थी वर्तुळ राहत नाही, दाब चढला-उतरला की तो सांधा दर वेळी किंचित वाकतो, आणि वर्षानुवर्षे वाकता वाकता पत्रा आतून, कोणाच्याही नजरेआड, चिरत जातो. या दुर्घटनेतून मॅसॅच्युसेट्सचे नियम निघाले आणि पुढे १९१४ ची अमेरिकन यंत्र-अभियंत्यांची बाष्पक-संहिता जन्मली, जिच्या आधारे आज जगभर दाबपात्रे बांधली जातात. पण संहिता सांगते ती नवे पात्र कसे बांधावे ते. जुन्या पात्रात तडा सापडला तर काय, याला तिचे उत्तर एका अर्थी एकच होते: ते आता संहितेप्रमाणे राहिले नाही.

या तुटक उत्तरातून बाहेर पडण्याची वाट एका विमान-संशोधकाने दाखवली. फार्नबरोच्या ग्रिफिथने १९२० साली काचेवर प्रयोग करून दाखवले की तडा पुढे सरकेल की नाही, हे त्याच्या लांबीचा, त्याला लागणाऱ्या ताणाचा आणि तो पसरण्यासाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडून ठरवता येते. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगने सांधलेली ‘स्केनेक्टडी’ ही तेलवाहू बोट १९४३ च्या जानेवारीत पोर्टलंडच्या धक्क्याशी, शांत पाण्यात, उभी असताना मधोमध दुभंगली, तेव्हा हा हिशेब पोलादालाही लागू करण्याची निकड सर्वांना पटली. आणि जॉर्ज अर्विन यांनी पन्नासच्या दशकात त्याला आजचे रूप दिले. यातून निघालेला निष्कर्ष पहिल्याने ऐकणाऱ्याला धक्का देतो. चिवट पोलादातला मोठा तडाही वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकतो आणि ठिसूळ पोलादातला केसाएवढा तडा घात करू शकतो. तेव्हा ‘तडा आहे का’ एवढेच विचारणे अपुरे ठरते. तो केवढा आहे, कोठे आहे, कोणत्या दिशेला आहे, आणि ज्या धातूत आहे तो त्या तापमानास किती चिवट आहे, हे सारे विचारावे लागते.

चिवटपणाचा हा प्रश्न किती मोलाचा आहे हे १९८४ च्या २३ जुलैला इलिनॉय संस्थानातील रोमिओव्हिलच्या तेलशुद्धी कारखान्यात दिसले. तेथील शोषक-स्तंभाचे एक कडे दहा वर्षांपूर्वी जागच्या जागी कापून नवे बसवले होते. वेल्ड केलेल्या भागास नंतर उष्णतेची प्रक्रिया दिली नव्हती. त्या जाडीला ती द्यावी असे त्या वेळच्या नियमांत बंधनही नव्हते. त्यामुळे सांध्याजवळचे पोलाद कठीण झाले, आतल्या द्रवातून सुटणाऱ्या हायड्रोजनाने त्यात तडे पाडले, आणि ते वाढत वाढत पत्र्याच्या जाडीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक आत गेले. त्या संध्याकाळी कामगाराला वायूची गळती दिसली, तो झडपा बंद करू लागला, अग्निशामक दल धावून आले, आणि त्याच वेळी स्तंभ फुटला. १७ माणसे गेली, त्यांतली बरीच त्या दलातली. घात झाला तो दुरुस्तीच्याच जागी.

जायबंदी पात्राचा निवाडा ही स्वतंत्र विद्या आहे, ही गोष्ट नंतरच्या दशकांत सर्वमान्य झाली. ब्रिटनमधील वीज मंडळाने तड्यांसाठी आपली पद्धती १९७६ सालीच घालून दिली होती. अमेरिकन तेल उद्योगाच्या संस्थेने २००० साली ‘५७९’ क्रमांकाची पद्धती प्रसिद्ध केली आणि २००७ मध्ये यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने ती संयुक्तपणे स्वीकारली. तीत गंजाने आलेली झीज, खड्डे, तडे, आगीत भाजलेला पत्रा, उष्णतेने सावकाश ताणले गेलेले पोलाद, पोचे, असा एकेका इजेचा वेगळा विचार आहे, आणि प्रत्येकीच्या तपासाच्या तीन पायऱ्या आहेत: साध्या कोष्टकापासून संगणकावरच्या सूक्ष्म गणितापर्यंत. पण या सगळ्या विस्तारात मला जे सर्वांत मोलाचे वाटते ते एक लहानसे प्रमाण आहे. इजा झालेल्या भागाचे उरलेले बळ निरोगी भागाच्या तुलनेत ०.९० किंवा अधिक भरले तर पूर्ण दाब चालू ठेवता येतो. कमी भरले तर जितके कमी, त्याच प्रमाणात मंजूर दाब उतरवायचा. ‘सुलताना’च्या कारागिराला जे सांगता आले नाही, किंवा सांगण्याचे बळ नव्हते, ते आता गुणोत्तराच्या रूपाने कोणत्याही अभियंत्याला मालकासमोर मांडता येते.

आपल्याकडेही हा विचार नियमांत उतरला आहे. जे बाष्पक ४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला चालते, त्याचे भाग एक लाख तास चालल्यावर न मोडता तपासून त्यांचे उरलेले आयुष्य काढावे. आणि पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या बाष्पकालाही असा तपास झाल्यावर फार तर दहा वर्षांची मुदतवाढ मिळावी, अशी तरतूद बाष्पक नियमावलीत आहे. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्याआधी २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाखेरीज पात्रताप्राप्त खाजगी व्यक्तीसही तपासणीचा मार्ग मोकळा झाला. कारखाने वाढले, निरीक्षक थोडे, तेव्हा ही सोय अपरिहार्य होती हे मी मान्य करतो. तरीही व्हिक्सबर्गच्या धक्क्यावरील व्यवहार मला या ठिकाणी आठवतो: ज्याची मजुरी ज्याच्या खिशातून निघते, त्याला नकार देणे किती अवघड असते, हे त्या कारागिराने एका दिवसात दाखवून दिले. खाजगी तपासनिसाला हा नकार निर्भयपणे देता यावा म्हणून त्याची फी मालकाच्या हातून थेट न जाता सरकारी खजिन्यामार्फत जावी, आणि त्याने दाब उतरवल्याचा प्रत्येक निर्णय कारणांसह बाष्पकाच्या नोंदवहीत चढवला जावा, एवढी मागणी कारखान्यांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी एकत्र मिळून करायला हरकत नाही. ती नोंदवही बाष्पकाबरोबर विकली जाते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांची यंत्रे ज्यांनी घेतली त्यांच्या हाती पत्र्याच्या जोडीला काय पडले असेल तर त्या वहीतली जुनी अक्षरे. आणि ज्या पानावर दाब एकदा उतरवला गेला असेल, ते पान नव्या मालकाने पहिल्याने उघडले पाहिजे.